उत्तर आलं, ताळा जुळला का?

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मावशी, आडवा १४ सावकार की साहुकार? दोन्ही बसतंय." तिच्यापुढे मीच आखून दिलेलं गूढ शब्दकोडं होतं, अकरा बाय अकरा घरांचं. चार घरांपैकी पहिल्यात 'सा' आणि तिसऱ्यात 'का' उभ्या शब्दांमुळे आधीच भरले गेले होते. जुन्या कागदपत्रांत साहुकार हा शब्द भेटतो, त्यामुळे तिची शंका रास्तच होती. मी विचारलं, "क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचं काम सांगता येतंय का?" ती म्हणाली, "शेवटच्या दोन शब्दांचं येतंय. बाकीचे वाक्य सजवायला असतील."

गूढ कोड्यात, म्हणजे इंग्रजीतल्या 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड'मध्ये असतात तशा क्लूंच्या कोड्यात, सजावटीचा शब्द नसतो. असलाच, तर तो कोडं रचणाऱ्याचा दोष. त्या क्लूकडे पुन्हा येते, पण त्याआधी मी हे कशी शिकले आणि भाचीला कसं शिकवते ते सांगते.

१९९८ साली बँकेनं माझी बदली चेन्नईला केली. मांबलमहून बीच स्टेशनला जाणाऱ्या लोकलमध्ये आमच्याच शाखेतल्या एक बाई रोज भेटायच्या. सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांच्या मांडीवर घडी घातलेला 'द हिंदू' असायचा, शब्दकोड्याचं पान वर. पहिले दोन महिने मी शेजारी बसून नुसती बघत होते. मग एकदा धीर करून एक उत्तर सांगितलं. उत्तर बरोबर होतं, तरी मामींनी ते लिहिलं नाही. का बरोबर आहे ते विचारलं. मला सांगता आलं नाही. दिवसअखेर कॅश जुळली तरी व्हाउचर लागल्याशिवाय आपण उठत नाही ना, मग इथे कसं उठायचं, एवढंच त्या म्हणाल्या. ते घर एग्मोर येईपर्यंत रिकामं राहिलं. त्या दिवसापासून मीही स्पष्टीकरणाशिवाय पेनानं भरत नाही.

साध्या कोड्यात क्लू म्हणजे शब्दाचा अर्थ, 'कमळ' असं विचारलं की 'पंकज' लिहायचं. गूढ कोड्यात एकाच वाक्यात दोन वाटा असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरं जुळवून बनवण्याची कृती. अर्थ नेहमी वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नाही. म्हणून पहिलं काम एकच: वाक्याचा जो अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुसायचा आणि शब्द सुटे करायचे. विरामचिन्हांवर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही, ती फसवायलाच घातलेली असतात.

आता मराठीत करून पाहू. कंसातला आकडा घरांचा, आणि एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर.

'अनेक मलमांत दडलेलं फूल (३)'. शेवटचा शब्द फूल, तो अर्थ. 'दडलेलं' हा इशारा. कुठे दडलंय? 'अनेक मलमांत' या दोन शब्दांच्या सांध्यावर बोट ठेवा: अने-क-म-ल-मांत. कमल. नवशिक्यानं कोडं हातात घेतल्यावर आधी असेच क्लू हुडकावेत. उत्तर तिथेच छापलेलं असतं आणि चारदोन घरं भरली की बाकीच्यांना आधार मिळतो.

'नेहमी उलटा वागणारा नोकर (२)'. नेहमी म्हणजे सदा. उलटं करा, दास. दास म्हणजे नोकर. इथे एक पायरी वाढली: अक्षरं क्लूमध्ये नाहीत, आधी समानार्थी शब्द शोधायचा आणि मग तो उलटायचा.

'बारमध्ये जा, मंडई भेटेल (३)'. हा माझा लाडका क्लू आहे, कारण यात कृती शब्दशः सांगितलेली आहे. 'बार' या शब्दामध्ये 'जा' ठेवा: बाजार. भाचीला मी सगळ्यात आधी हाच दिला होता. ती वीस मिनिटं दारूच्या दुकानांची आणि भाज्यांची नावं आठवत बसली, आणि सुटल्यावर फोनवर ओरडली.

'डोकं नसलेलं मांजर पैठणीच्या काठावर (२)'. मांजराचं पहिलं अक्षर उडवा, उरते जर, पैठणीच्या काठावर असते ती. 'तयार संताचं नोकरी सोडण्याचं पत्र (४)': तयार म्हणजे राजी, संत म्हणजे नामा (नामदेवांच्या अभंगांत 'नामा म्हणे' येतं ते आठवा), मिळून राजीनामा. 'हात सरकारला द्यावाच लागतो (२)' यात कृतीच नाही, दोन अर्थ शेजारी बसवलेले आहेत: कर म्हणजे हात, आणि सरकारला द्यावा लागतो तोही कर.

अक्षरांची उलथापालथ हा प्रकार मराठीत जपून हाताळावा लागतो. 'बिथरलेल्या पालकाची कवटी (३)'. बिथरलेल्या म्हणजे अक्षरं विस्कटायची, पा-ल-क चं क-पा-ल. कपाल म्हणजे कवटी. इथे लक्षात घ्या की विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दाचं रूपच बदलतं. 'पालकाची' मधून 'पालक' सोलून काढावा लागतो. इंग्रजीतून मराठी कोड्याकडे येणारे इथेच अडकतात, त्यांची नजर शब्द जसाच्या तसा शोधत राहते.

आणि मात्रा अक्षरापासून सुटत नाही, हा नियम मी कडक पाळते. 'नवरा' हा शब्द पाहिला की दोन मोह होतात. एक म्हणजे विस्कटून वानर करायचा. पण नवऱ्यातला काना र वर आहे आणि वानरातला व वर, म्हणजे काना उचलून दुसरीकडे लावला. दुसरा मोह उलटून रावण करायचा. न आणि ण एक नाहीत. दोन्ही क्लू वाचायला गमतीचे होतील हे खरं, पण सोडवणाऱ्याला न्याय मिळणार नाही, आणि मला न्याय महत्त्वाचा वाटतो.

हा न्यायाचा आग्रह इंग्लंडात रुजला. पहिलं शब्दकोडं अमेरिकेतलं, आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यू यॉर्क वर्ल्ड' मध्ये छापलेलं. पण त्यातले क्लू साधे, सरळ अर्थाचे होते. गूढ वळण लागलं ते १९२० च्या दशकात लंडनमध्ये. 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स हे टॉर्कमाडा नावानं कोडी रचत. स्पेनच्या धर्मन्यायालयातल्या क्रूर अधिकाऱ्याचं हे नाव. १९३९ मध्ये त्यांच्या जागी डेरिक मॅकनट आले, तेही तसंच एक नाव घेऊन: झिमेनीझ. क्लू कसा असावा याची शिस्त घातली ती त्यांनी. नेमका अर्थ, कृतीचा रास्त इशारा, आणि त्याव्यतिरिक्त काहीही नाही. १९७२ पासून त्याच वृत्तपत्रात कोडी रचू लागलेल्या जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' हे नाव घेतलं, म्हणजे देझा या तिसऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्याचं नाव उलटं करून. जाबजबाब घेणाऱ्यांची नावं धारण करून ही मंडळी सोडवणाऱ्याला छळतात खरी, पण 'याव्यतिरिक्त काहीही नाही' हा नियम सोडवणाऱ्याच्याच हातात शस्त्र देतो. आपणही क्लूमधल्या एकेका शब्दाला उभं करून विचारू शकतो: तू इथे कशासाठी आलास?

इंग्रजी कोडं सोडवायचं असेल तर काही ठरलेली सोंगं पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही. 'वर्कर' दिसला की मुंगी किंवा मधमाशी, म्हणजे अँट किंवा बी. 'सेलर' म्हणजे टार, किंवा ए-बी ही दोन अक्षरं. 'ह्यूज अमेरिकन सोल्जर अँड वर्कर (५)' या क्लूमध्ये अमेरिकन सोल्जर म्हणजे जी-आय, वर्कर म्हणजे ए-एन-टी, जोडून जायंट, अर्थ ह्यूज. 'फ्लॉवर' म्हणजे बरेचदा फूल नसून नदी, कारण ती फ्लो करते. स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा. मामींनी हे समजावलं तेव्हा मला लगेच आपला ज आठवला. 'थोडं म्हातारपण (२)' असा क्लू मी त्याच आठवड्यात रचला. जरा. थोडं या अर्थाचा जरा दाताशी उच्चारतो, म्हातारपण या अर्थाचा जरा टाळूशी. लिहिताना दोन्ही एकच. मराठी कोडं रचणाऱ्याला च आणि ज हे मोठं वरदान आहे.

आता तो आडवा १४. क्लू असा होता: 'देहधारी आणि आत बसून व्याज खातो (४)'.

भाचीनं 'व्याज खातो' हा अर्थ बरोबर ओळखला होता. उरलं 'देहधारी आणि आत बसून'. वाचताना देवळातल्या मूर्तीचं किंवा गढीतल्या माणसाचं चित्र उभं राहतं, ते पुसा. 'आत बसून' हा इशारा, म्हणजे काहीतरी कशात तरी शिरतंय, बाजारात 'जा' शिरला तसं. कोण शिरतंय आणि कशात? एका बाजूला 'देहधारी' आणि दुसऱ्या बाजूला फक्त 'आणि'. इथे माणूस थबकतो, कारण 'आणि' हा शब्द आपण वाचतच नाही, ओलांडून जातो. पण त्याला उभं करून विचारलं की तो सांगतो: आणि म्हणजे व. देहधारी म्हणजे साकार. साकारच्या आत व बसवा: सा-व-का-र.

साहुकारमधून हु काढला तरी साकार उरतो, पण 'आणि' म्हणजे हु कसं होईल? तिथे साहुकार बाद. ज्या शब्दाला तिनं सजावट समजून सोडलं होतं त्यानंच निकाल दिला. ती काही क्षण गप्प होती, मग म्हणाली, "अगं मावशी, म्हणजे मी बरोबर लिहिलं असतं तरी ते नशिबानंच." तिनं साहुकार लिहिलं असतं तर उभ्या ९ चं दुसरं अक्षर बिघडलं असतं आणि तिथून खालचा अख्खा कोपरा.

म्हणून तिला मी एक शंभरपानी वही आणून दिली आहे. प्रत्येक अवघड क्लूसाठी त्यात एक ओळ. अर्थाखाली रेघ, इशाऱ्याभोवती गोल, आणि पुढे बांधणी. सावकारची ओळ अशी दिसते: साकार (देहधारी) च्या आत व (आणि), अर्थ 'व्याज खातो'. ओळ लिहिताना एखादा शब्द हातात उरला तर उत्तर पेन्सिलीनंच राहू द्यायचं. दुसऱ्याला समजावून सांगायची असेल तर हीच ओळ पुरते, मात्र क्रम उलटा ठेवावा: आधी अर्थ कुठे आहे ते दाखवावं, मग इशारा, आणि उत्तर समोरच्याला म्हणू द्यावं. मी बरेचदा फक्त रेघ मारून फोटो पाठवते, बाकीचं ती करते.

आणि अडलात तर कोडं बाजूला ठेवा, स्वयंपाक करा, झोपा. डोक्यात वाक्याचा खोटा अर्थ घट्ट बसलेला असतो, तो रात्रीतून सैल होतो. सकाळी चहाबरोबर तोच क्लू वाचला की शब्द आपोआप सुटे दिसतात, हे मी पंचवीस वर्षं अनुभवते आहे.

कालच्या कोड्यात तिच्यासाठी एक ठेवला आहे, तिची ओळ अजून आलेली नाही. तुम्हीही बघा: 'नेहमी चुकीची खूण, अंगणात बारमाही (४)'.