मुरबाडच्या आसपास आकाशदर्शनाची जागा कशी निवडावी

तारे पाहण्यासाठी ठाण्याबाहेर पडणारा माणूस बहुधा एवढेच विचारतो की शहरापासून किती लांब जावे लागेल. अंतराला महत्त्व आहेच. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७७ साली मांडलेल्या सूत्रानुसार शहराच्या दिव्यांमुळे आकाशात पसरणारा उजेड अंतराच्या २.५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट केले की तो उजेड साडेपाच पटींहून अधिक कमी होतो. मात्र ठाणे जिल्ह्यात जागा निवडताना अंतराच्याही आधी दिशेचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. सारख्याच अंतरावरच्या दोन गावांपैकी एका गावातून दक्षिणेचे आकाश क्षितिजापर्यंत स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या गावातून तेच आकाश पिवळसर धुक्यात बुडालेले असते, याचे कारण शहर कोणत्या बाजूला आहे यात असते.

मुरबाड डोळ्यांसमोर ठेवून हा विचार करून पाहावा. मुंबई, ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी दिव्यांची जवळजवळ सलग पट्टी मुरबाडच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला येते. पूर्वेला व आग्नेयेला सह्याद्रीची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे, जुन्नर व अकोले तालुक्यांच्या बाजूला, एवढी दाट वस्ती नाही. त्यामुळे मुरबाड सोडून पूर्वेकडे सरकत गेले की शहरांचा सगळा उजेड पाठीमागे, एकाच बाजूला राहतो. पश्चिम दिशा गमावण्याचे नुकसान सर्वांत कमी असते, कारण तिथले तारे मावळतीला लागलेले असतात आणि तेच तारे काही तास किंवा काही आठवडे आधी डोक्यावर पाहता येतात.

दक्षिण दिशा मात्र गमावू नये. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो, म्हणून ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर दिसतो आणि त्या बदल्यात दिल्ली-चंदीगडच्या लोकांना नीट न दिसणारे दक्षिणेचे कितीतरी तारे आपल्या वाट्याला येतात. अगस्त्य फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला सुमारे १८ अंश उंचीवर असतो. मे महिन्याच्या मध्यास साधारण त्याच वेळी त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिण क्षितिजावर उभा असतो, पण त्याचा खालचा तारा ८ अंशांहून वर जात नाही. त्यानंतर दोनेक तासांनी मित्र, म्हणजे सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्यांची जोडी, १० अंशांपर्यंत चढते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. म्हणजे दक्षिणेची झाडे, टेकड्या आणि दिव्यांची आभा हे सगळे मिळून अर्ध्या मुठीच्या आत राहत असेल, तरच त्या जागेवरून त्रिशंकू पाहण्याची आशा धरावी.

या कसोटीवर नेहमीची ठिकाणे तपासून पाहता येतील. येऊर ठाणेकरांना घराजवळचे वाटते, परंतु ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि चारही बाजूंना शहर असल्यामुळे रात्री तिथे जाऊन पदरात फारसे काही पडत नाही. खारघरच्या टेकड्यांनाही नवी मुंबईच्या उजेडाने वेढलेले आहे. वांगणीचे स्थान वेगळे आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरच्या या गावाच्या परिसरात मुंबईतील हौशी खगोल अभ्यासकांनी वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने केली, आणि त्यामागे रेल्वेच्या सोयीइतकेच मोठे कारण म्हणजे वांगणीच्या पश्चिमेला असलेली माथेरान, चंदेरी, मलंगगड ही डोंगररांग. पनवेल आणि नवी मुंबईचा क्षितिजालगतचा उजेड ही रांग अडवून धरते. डोंगर वरपर्यंत पसरलेली आभा रोखू शकत नाही, पण डोळ्यांत थेट घुसणारे दिवे आणि क्षितिजाजवळचा सर्वांत दाट पट्टा नक्की झाकतो. अडचण एवढीच की वायव्येकडून बदलापूर वाढत वाढत वांगणीच्या जवळ आले आहे. पहिल्यांदाच आकाश पाहणाऱ्यांसाठी आणि शेवटच्या लोकलने जाऊन पहाटेच्या गाडीने परतणाऱ्यांसाठी वांगणी आजही योग्य आहे. ज्यांना आकाशगंगा पाहायची आहे, त्यांनी मुरबाडच्या पुढे जावे.

मुरबाडच्या पुढे म्हणजे नेमके कुठे, हे ठरवताना कल्याण ते अहिल्यानगर या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर सरळगाव आणि टोकावडे ही दोन गावे खुणेसाठी धरावीत. महामार्गालगत बसू नये, कारण माळशेजकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांचे दिवे रात्रभर थांबत नाहीत. मुख्य रस्ता सोडून धसईकडे किंवा म्हशाकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यांवर एक-दोन किलोमीटर गेले की तोच परिसर पुष्कळ काळा होतो. मात्र डोंगराच्या अगदी पायथ्याशी जाण्याचा मोह टाळावा. घाटमाथा पायथ्यापेक्षा आठ-नऊशे मीटर उंच धरला, तर कड्यापासून तीन किलोमीटरवर बसलेल्या माणसाचे सुमारे १६ अंश आकाश त्या कड्यामागे जाते आणि पूर्वेला उगवणारा तारा त्याला तासाभराने उशिरा दिसतो. तेच अंतर १० किलोमीटर ठेवले, तर अडणारे आकाश ५ अंशांवर येते. गोरखगड किंवा सिद्धगडाच्या पायथ्याची गावे दिवसा कितीही देखणी वाटली, तरी दक्षिणेच्या व आग्नेयेच्या ताऱ्यांसाठी ती सोयीची नाहीत.

शहापूर तालुक्यात अंधार आहे, पण तिथून पाहताना कल्याण-बदलापूरची आभा नैर्ऋत्येपासून दक्षिणेकडे झुकते, म्हणून उन्हाळ्यातल्या दक्षिणेच्या ताऱ्यांसाठी मी मुरबाडला पसंती देईन. माळशेजचा माथा या सर्वांहून सरस आहे, कारण तिथे उंचीमुळे कोकणपट्टीतली धूळ आणि दमट हवा बरीचशी खाली राहते. पण घाटात गाडी थांबवून तारे पाहणे धोक्याचे आहे. माथ्यावर मुक्कामाची सोय करूनच जावे.

घरबसल्या पहिली चाळणी लावण्यासाठी प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे उपयोगी पडतात. आकाशाच्या काळोखाची १ ते ९ अशी प्रतवारी जॉन बॉर्टल यांनी २००१ साली सुचवली आणि अनेक नकाशे तिच्याच आधारे रंग देतात. या नकाशांवर पूर्ण विसंबू नये. त्यांतील बहुतेक माहिती सुओमी एनपीपीसारख्या उपग्रहांवरील ज्या उपकरणाकडून येते, ते सुमारे ५०० नॅनोमीटरच्या अलीकडचा निळा प्रकाश टिपत नाही. पांढऱ्या एलईडी दिव्यांमध्ये नेमका हाच निळा भाग भरपूर असतो आणि हवेत तोच सर्वाधिक विखुरतो. त्यामुळे जिथे पिवळे सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवले गेले, तिथे नकाशा दाखवतो त्यापेक्षा आकाश अधिक उजळ असू शकते. गोदामे, ढाबे, क्रिकेटची मैदाने आणि फार्महाऊसचे हॅलोजन हे तर प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळतच नाहीत.

म्हणून जागा आधी दिवसा पाहून यावी. भात कापून झाले, की कार्तिक-मार्गशीर्षात खाचरे कोरडी होतात आणि झोडणीसाठी सारवलेले खळे मोकळे झाले असेल, तर आडवे पडून आकाश पाहायला त्याहून चांगली सपाट जागा मिळत नाही. पेंढ्याच्या उडवीपासून मात्र दूर बसावे, कारण तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस, मण्यार येतात. शेत कोणाचे आहे ते विचारून शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, पोलीस पाटलांना किती जण येणार आणि केव्हा जाणार ते सांगून ठेवावे. रात्री अनोळखी माणसे दुर्बिणीचे लांब नळकांडे घेऊन शिवारात उभी दिसली, तर गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे. आधी ओळख करून दिली, तर गावातली मुले शेजारी येऊन बसतात आणि त्यांना शनीची कडी दाखवता येते. अभयारण्याच्या हद्दीत आणि धरणाच्या भिंतीवर रात्री जाऊ नये.

दिवसा पसंत पडलेल्या जागेची परीक्षा एका अंधाऱ्या रात्री घ्यावी. सूर्य मावळल्यावर आपल्या अक्षांशावर पूर्ण काळोख व्हायला साधारण सव्वा तास लागतो. त्यानंतर मोबाईल खिशात ठेवून किमान वीस ते तीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. उजेड लागलाच, तर टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद दुमडून रबराने बांधावा. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या चार ठळक ताऱ्यांचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर येतो. ठाण्याच्या गच्चीवरून त्या चौकोनाच्या आत काहीच दिसत नाही. निवडलेल्या जागेवरून आत दोन-तीन तारे स्पष्ट मोजता आले, तर नजर साडेचाराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; तारा जितका मंद, तितका आकडा मोठा) आसपास पोहोचते आहे असे समजावे, आणि त्याहून अधिक दिसले तर जागा उत्तम आहे. त्याच वेळी चौकोनाच्या ईशान्येला देवयानी दीर्घिकेचा अंधुक पुंजका नुसत्या डोळ्यांनी सापडतो का, तेही पाहावे. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. उन्हाळ्यात हीच परीक्षा सप्तर्षींमधील वसिष्ठाशेजारच्या अरुंधतीवर घ्यावी. ती चौथ्या प्रतीची आहे, आणि चांगली नजर असूनही ती दिसत नसेल तर ती जागा सोडून द्यावी.

तारीख ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि ती साधारणतः रात्री नऊच्या आसपास असते. तिथून पुढे चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, असे धरले की कृष्ण अष्टमीला मध्यरात्र गाठली जाते. त्यामुळे संध्याकाळचे आकाश पाहायचे असेल, तर कृष्ण अष्टमी ते शुक्ल द्वितीया-तृतीया हा काळ धरावा.

ऋतूंबाबत थोडेच सांगतो. पावसाळा सोडून द्यावा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा आहे, फक्त डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर दव एवढे पडते की नकाशाचा कागद ओला होतो आणि दुर्बिणीची भिंगे धूसर होतात. मार्चनंतर शेतकरी राब भाजतात आणि तो धूर संध्याकाळी वारा पडल्यावर खोऱ्यात साचून राहतो, म्हणून त्या दिवसांत आकाशदर्शन मध्यरात्रीनंतर ठेवावे. वृश्चिक आणि धनू राशींमधला आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भागही मार्च-एप्रिलमध्ये त्याच वेळी, म्हणजे उत्तररात्रीच, वर येतो.

एकदा निवडलेली जागा कायमची झाली असे मानू नये. ज्या रात्री परीक्षा घेतली तिची तारीख, चौकोनात दिसलेले तारे आणि कोणत्या दिशेला आभा किती मुठी वर येते हे वहीत लिहावे, आणि पुढच्या हंगामात त्याच तिथीच्या आसपास पुन्हा मोजावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. त्या मार्गाच्या आजूबाजूला ज्यांनी पूर्वी जागा पक्की केली होती, त्यांनी येत्या कार्तिकातच नव्याने मोजणी करावी.