यिर्मया 29:11 वर उपदेश करायचाय? आधी ही तयारी

हे वचन यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर म्हणतो. वही, पेन, प्रार्थना, शांत जागा हे सांगायला नको. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि जोडीला आणखी एक भाषांतर घ्या, पंडिता रमाबाईंचं मिळालं तर उत्तम. टीकाग्रंथ सध्या कपाटातच राहू द्या. ते आधी उघडले की आपण मजकूर वाचत नाही, त्यावर दुसऱ्याला काय सुचलं ते वाचतो.

आता वाचन. ते 29 व्या अध्यायापासून सुरू करू नका, 27 पासून करा. 27 मध्ये 22 वचनं, 28 मध्ये 17, 29 मध्ये 32, म्हणजे सगळी मिळून 71. मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेवढाही वेळ नसेल तर 27 वा चाळा, पण 28 वा अध्याय सोडू नका. अकरावं वचन सगळ्यांना तोंडपाठ असतं. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत ते भेटतच असतं. त्यामुळे मागचा अध्याय उघडावा असं कोणाला वाटतच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

28 व्या अध्यायात काय आहे ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा, मनातल्या मनात ‘ठाऊक आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. यहूदाच्या सिद्कीया राजाचं चौथं वर्ष, पाचवा महिना. संदेष्टा हनन्या मंदिरात, याजकांच्या आणि लोकांच्या देखत सांगतो की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रं परत येतील, बंदिवान झालेला आधीचा राजा यकन्या परत येईल, बाबेलला नेलेले सगळे परत येतील. आणि तो हे ‘परमेश्वर म्हणतो’ अशा शब्दांत सांगतो. यिर्मया ‘आमेन’ म्हणतो, असं झालं तर बरंच, पण खरा संदेष्टा कोण हे वचन पूर्ण झाल्यावर कळेल, असंही बजावतो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू (27 वा अध्याय) हनन्या काढून मोडतो. त्याच वर्षी, सातव्या महिन्यात, हनन्या मरतो. पाचव्यात बोलला, सातव्यात गेला. या दोन महिन्यांकडे वाचणाऱ्याचं लक्ष गेलंच पाहिजे.

28 वा का वाचायचा, ते आता लक्षात येईल. ‘काळजी करू नका, तुमची अडचण लवकरच सुटेल, देवाची योजना चांगलीच आहे’ असा उपदेश 29:11 वरून केला की यिर्मयाचं वचन तोंडी असतं आणि संदेश हनन्याचा दिला जातो. ज्या आश्वासनाला खोटं ठरवायला हे पत्र लिहिलं गेलं, तेच आश्वासन त्याच्या एका ओळीतून काढलं जातं. मंडळीत कोणी नोकरीची वाट पाहत बसलेलं असतं, कोणाच्या घरी असाध्य आजार असतो. त्यांना दोन वर्षांची मुदत देण्याचा अधिकार या वचनानं आपल्याला दिलेला नाही. म्हणून पुन्हा सांगायचं तर 28 वा, संपूर्ण, सतरा वचनं.

दुसरी गोष्ट, छापील मथळे झाका. मथळे प्रकाशकांचे असतात. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टनच्या नावाशी जोडलेली. आजचे वचनांक सोळाव्या शतकात छापखान्यातून रूढ झाले. 28 आणि 29 यांच्यामध्ये यिर्मयानं भिंत घातलेली नाही. शक्य असेल तर तिन्ही अध्याय आकडे आणि मथळे काढून, रुंद समास सोडून छापून घ्या. मग एका रंगानं ‘कोण बोलतं’ आणि दुसऱ्यानं ‘कोणाला’ हे अधोरेखित करा. तिसरा रंग काळाच्या शब्दांना.

‘कोणाला’ याचं उत्तर 29:1 मध्येच आहे: बंदिवासात उरलेले वडील, याजक, संदेष्टे आणि नबुखद्नेस्सरानं नेलेले सगळे लोक. हे इ.स.पू. 597 मध्ये नेलेले लोक. हे एका माणसाच्या करिअरला उद्देशून नाही, एका समाजाला आहे. तिसऱ्या रंगाखाली ‘सत्तर वर्षं’ येतील, दहाव्या वचनात. अकरावं वचन दहाव्याला चिकटलेलं आहे, ते तोडू नका. तोडलं की काय होतं पाहा: चाळिशीतला माणूस हे पत्र ऐकतोय आणि त्याला कळतंय की आपण बाबेलमध्येच मरणार. म्हणून पाचव्या ते सातव्या वचनात घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलं त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. ‘हिताचे संकल्प’ हे असल्या लांबच्या मुक्कामातले आहेत. आशा आहेच, पण ती नातवंडांपर्यंत पोचणारी आहे.

त्याच अध्यायाचा शेवट कोणी वाचत नाही, तोही वाचा. शमाया नेहेलामी बाबेलहून यरुशलेमला तक्रार पाठवतो की या यिर्मयाला आवरा, तो म्हणतो बंदिवास लांबणार आहे (29:28). पहिल्या श्रोत्यांपैकी एकाला हे पत्र संतापजनक वाटलं. आपल्या उपदेशात कोणालाच काही टोचत नसेल तर वाचनात कुठंतरी गडबड आहे, बहुधा 28 वा राहिलाय. 16 ते 20 ही वचनं जुन्या ग्रीक भाषांतरात नाहीत. नोंद करून पुढे जा, त्यावर व्याख्यान नको.

सत्तर वर्षांची आकडेमोड करून आजच्या तारखा काढू नका. 25:11-12 मध्ये हाच आकडा आहे, दानीएल 9:2 मध्ये तो पुन्हा वाचला जातो, इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पडलं, एज्राच्या पहिल्या अध्यायात परतीचा हुकूम निघतो. पुरे.

आता टीकाग्रंथ उघडा. दोन चालतील, सहा नको. जिथं तुमच्या नोंदीशी ते जुळत नाहीत तिथं परत मजकुराकडे जा. टीकाकाराला 28 व्याबद्दल काही म्हणायचं नसेल, तर तो टीकाकार या कामाचा नाही.

आजच्या मंडळीला हे कसं लागू होतं, हा प्रश्न इथं येतो, त्याआधी नाही. सरळ उडी घेऊ नका. 12 ते 14 मध्ये परमेश्वराला मनापासून शोधण्याची गोष्ट आहे, तिथून जा. दोनच अध्यायांनंतर 31:31 मध्ये नवा करार आहे आणि इब्री 8 तो उद्धृत करतं. 1 पेत्र 1:1 आणि 2:11 विश्वासणाऱ्यांना परदेशी आणि प्रवासी म्हणतं. हा रस्ता शास्त्रानंच आखून दिलाय, आपला वेगळा काढायला नको.

विषयाचं नाव शेवटी ठरवा. उदाहरणं दोनपेक्षा जास्त नकोत. पंचवीस मिनिटं.

शास्त्रवाचन करणाऱ्याला शुक्रवारीच कळवा: 28:1-11 आणि मग 29:1-14, नुसतं अकरावं नाही. एलासा बिन शाफान आणि गमऱ्या बिन हिल्कीया ही नावं त्याला एकदा मोठ्यानं म्हणून घ्यायला सांगा, नाहीतर तिसऱ्या वचनात अडखळून तो घाईनं अकराव्याकडे पळेल.