बायपॅप लावला तरी कार्बन डायऑक्साइड उतरेना? या चुका टाळा

सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट धापा टाकत येतो. एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, पीएच ७.३५ च्या खाली (रक्त आम्लधर्मी झालेलं), कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला आधार देणारं मशीन, लागतो, आणि तासाभराने पाहावं तर आकडे जिथल्या तिथे. मग केसपेपरवर ‘बायपॅपला प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. तो लिहिण्याआधी बेडपाशी जाऊन काही गोष्टी तपासायला हव्यात.

आधी ऑक्सिजन. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ दिसलं की नातेवाईकच काय, स्टाफही निर्धास्त होतो. माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच. या पेशंटना ८८ ते ९२ टक्के पुरतं. त्याहून जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट खेळत नाही तिकडेही रक्त वळतं, हिमोग्लोबिनला कार्बन डायऑक्साइड वाहून नेणं जड जातं आणि तो रक्तात साठत राहतो. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या पेशंटवर झालेली एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बेतानं ऑक्सिजन मिळालेल्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ७८ टक्क्यांनी कमी होतं. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइडबद्दल अवाक्षर काढत नाही. पेशंट ‘शांत झोपलाय’ असं कोणी सांगितलं तर हाक मारून पाहा. ती गुंगी असू शकते.

दुसरी चूक प्रेशरची. सुरुवातीला १०/५ (श्वास घेताना दाब १०, सोडताना ५) लावलं आणि सकाळच्या राउंडपर्यंत कोणी हात लावला नाही, असं सर्रास होतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याचं काम आयपॅप (श्वास घेतानाचा दाब) आणि इपॅप (सोडतानाचा दाब) यांमधला फरक करतो, आणि इथे तो जेमतेम ५. ब्रिटिश मार्गदर्शक सूचना आयपॅप १५ वर सुरू करून पेशंटला सोसेल तसा पहिल्या अर्ध्या तासातच २० ते ३० पर्यंत न्यायला सांगतात. नुसता इपॅप वाढवलात तर फरक उलट घटतो.

मास्कचं म्हणाल तर एकेरी नळीच्या मशीनला उच्छ्वास बाहेर पडायला भोक लागतंच, मास्कवर किंवा नळीवर. तिथून हवा येते म्हणून ‘लीक’ समजून चिकटपट्टी मारली, की पेशंट स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत घेतो. पट्टे करकचून आवळू नका. थोडी गळती मशीन भरून काढतं, पण नाकाच्या दांड्यावर पडलेली जखम पुढचे कित्येक दिवस मास्क लावू देत नाही. कवळी असेल तर सहसा राहू द्या, गाल बसत नाहीत. घाबरलेल्या पेशंटच्या तोंडावर पहिली काही मिनिटं मास्क हातानं धरा, पट्टे मागून. उलट्या होत असतील किंवा छातीत हवा साठून तिथे नळी टाकलेली नसेल, तर बायपॅपची घाई नको.

उरली वाट पाहत बसण्याची चूक. तासाभरात एबीजी पुन्हा करा. सेटिंग सुधारूनही पीएच घसरतच असेल, श्वासाची गती उतरत नसेल, तर घशातून श्वासनलिकेत ट्यूब टाकून व्हेंटिलेटर लावण्याचा निर्णय लांबवू नका. ट्यूब काढल्यानंतर पुन्हा धाप लागलेल्या पेशंटवरच्या २००४ सालच्या एका अभ्यासात बायपॅपसारखा आधार मिळालेल्या गटात आयसीयूतले मृत्यू २५ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात १४. पहिल्या गटात ट्यूब पुन्हा टाकायला साधारण १२ तास लागले होते, दुसऱ्यात अडीच. म्हणून बायपॅप निष्फळ ठरला तर ट्यूब टाकायची की नाही, हे नातेवाइकांशी बोलून मशीन सुरू करतानाच केसपेपरवर लिहा.