ज्युरीचा प्रश्न आला की नानावटीपाशी थांबू नका

नागपुरात एलएलबीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल, मूट कोर्टाला (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याला) उभं राहायचं असेल किंवा पुढे जेएमएफसीचा, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी व्हायचा विचार असेल, तर ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष हा कौल देणारे सामान्य नागरिक, आज नाही म्हणून तो भाग सोडू नका. तोंडीला मुद्दाम तेच विचारतात. पोराने निकाल वाचलाय की सीताबर्डीवरून आणलेली झेरॉक्स, हे दोन प्रश्नांत समजतं.

त्या झेरॉक्सांमध्ये एक ओळ हमखास असते: नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली. नानावटी म्हणजे बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्याबद्दल खटला चाललेला नौदल अधिकारी. मीही ह्याच ओळीवर धरला गेलो होतो, म्हणून इथे थोडं पाल्हाळ लावतो. ज्युरी बंद करा असं विधी आयोगाने 14व्या अहवालात 1958 सालीच सांगितलं होतं. प्रेम आहुजाला गोळ्या लागल्या 27 एप्रिल 1959 ला. म्हणजे शिफारस आधीची, खटला नंतरचा. शिवाय ज्युरी सगळीकडे नव्हतीच. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 269 नुसार कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यांना ज्युरी लावायची ते राज्य सरकार ठरवायचं. कायद्यातून ती गेली 1973 च्या संहितेने, जी 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. नानावटीचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल 24 नोव्हेंबर 1961 चा. मधली ही बारा-तेरा वर्षं नोट्सवाले कुठे टाकतात, देव जाणे.

याहून वाईट खड्डा पुढे आहे. ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने 'अपिलात' फिरवलं, असं लिहिलंत की मार्क गेले. अपील नव्हतंच ते. सेशन्स जजला ज्युरीचा कौल पटला नाही, म्हणून त्यांनी कलम 307 खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. त्याला रेफरन्स म्हणतात. फरक असा: ज्युरीच्या कौलाविरुद्ध अपील असेल, तर हायकोर्टाचे हात बांधलेले. जजने ज्युरीला कायदा चुकीचा समजावला किंवा ज्युरीनेच तो चुकीचा समजून घेतला, एवढंच बघता यायचं. रेफरन्स मात्र नियमाप्रमाणे आलेला असेल, तर हायकोर्ट सगळा पुरावा स्वतः तपासू शकतं, फक्त जज आणि ज्युरी दोघांच्या मताला योग्य वजन देऊन. नानावटीच्या वकिलांनी नेमका हाच वाद घातला होता. निकालाचा पहिला मोठा भाग त्यातच जातो, आणि सगळे तेवढाच भाग गाळून 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' वर, म्हणजे रागाच्या भरात मारलं म्हणून गुन्हा खुनापेक्षा कमी ठरतो का या मुद्द्यावर, उडी मारतात. तेही वाचा. नानावटीने दुपारी दीडला घर सोडलं, 4.20 ला खून, मधल्या वेळात डोकं थंड व्हायला पुरेसा अवधी होता असं कोर्ट म्हणतं. पण तो दुसरा अंक झाला.

घाबरू नका, हे सगळं एका निकालात आहे. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचा संग्रह) 1962 एससी 605. कॉलेजच्या लायब्ररीत बसून दोन-तीन संध्याकाळी काढल्या तर होतं. आणि बाप्पा, व्हिडिओ बघून नाही होत. सिव्हिल लाइन्समध्ये सीनियर शोधत असाल, तर तुमच्याशी निकालाच्या परिच्छेदांवर भांडणारा शोधा. नुसता तारीख घ्यायला पिटाळणारा कितीही मोठा असो, त्याच्याकडे वर्ष घालवू नका.

'ज्युरी चांगली की वाईट' असं विचारलं तर पश्चिमेकडची उदाहरणं घोकायची गरज नाही. 1908 चा टिळकांचा राजद्रोह खटला घ्या. केसरीतले लेख मराठी, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, समोर इंग्रजी भाषांतर. कौल 7 विरुद्ध 2, शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. तिथे परक्यांचं बहुमत असलेल्या ज्युरीने दोषी ठरवलं, नानावटीत मुंबईच्याच लोकांनी कौतुकाच्या भरात सोडलं. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवलीत की परीक्षक स्वतःहून पुढचा प्रश्न विचारतो.

तो बहुधा असा असतो: मग आज कुठेच ज्युरी नाही? फौजदारीत नाही. पण 1936 च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात डेलिगेट्स, म्हणजे जजसोबत बसणारे ज्युरीसारखे सदस्य, अजून आहेत. आधी सात असत, 1988 च्या दुरुस्तीनंतर पाच. नवऱ्या-बायकोच्या वादातल्या वस्तुस्थितीचा निर्णय ते देतात, कायद्याचा जज देतो. एवढं बोलून गप्प बसा. पुढचं विचारलं तरच बोला.