अपील टाकलं म्हणजे स्टे मिळाला असं नाही: हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबवताना या चुका टाळा

"वकीलसाहेब, अपील टाकलंय ना आपण? मग बेलिफ कसा आला?" वर्षातून चार-पाच वेळा तरी मला असा फोन येतो. त्या वेळी बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी, दारात उभा असतो आणि मागे कुलूप तोडणारा माणूस.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४१ नियम ५ आहे. नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यात कोर्टाने दिलेल्या निर्णयाची, अंमलबजावणी थांबत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. स्टे, म्हणजे अंमलबजावणीला स्थगिती, वेगळा मागावा लागतो. त्यासाठी स्वतंत्र अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि त्यावर कोर्टाचा आदेश व्हावा लागतो. समोरच्याने दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, लावली असेल तर ती आपल्या अपिलाची वाट बघत बसत नाही. तरीही अपिलाचा नंबर पडला की लोक निर्धास्त होतात. काही नवे वकीलसुद्धा स्टेच्या अर्जावर आदेश न घेता नुसती पुढची तारीख घेऊन बाहेर येतात. त्या तारखेच्या आत वॉरंट निघालं तर काय, हा विचार कोणी करायचा?

यापेक्षा मोठी चूक म्हणजे स्टे मिळाल्यावर काम संपलं असं समजणं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पिठाच्या गिरणीचा गाळा होता. भाडेकरू माझा पक्षकार, आणि गाळा खाली करण्याचा हुकूमनामा त्याच्याविरुद्ध झालेला. जिल्हा न्यायालयात अपील होतं, दरखास्त तालुक्याच्या कोर्टात, मधे चाळीस किलोमीटर. ताब्याचं वॉरंट निघाल्याचं आम्हाला माहीत होतं. स्टेच्या सुनावणीला पक्षकार आला नाही. गिरणीत बायको एकटी होती आणि "तुम्ही आहातच की" म्हणून तो तिथेच थांबला. मीही हो म्हणालो. दुपारी साडेबाराच्या सुमारास कोर्टाने स्टे दिला. मी बाहेर येऊन फोन केला. त्याने बेलिफला सांगितलं, बेलिफ म्हणाला, कागद दाखवा. बेलिफचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या हातात सही-शिक्क्याचं वॉरंट होतं. आदेश टाइप होऊन, सही होऊन तालुक्याच्या कोर्टाकडे निघेपर्यंत चार वाजले. तीन वाजताच पंचनामा झाला होता. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा गिऱ्हाइकांचे दळणाचे डबे रस्त्याच्या कडेला ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर ऑइलपेंटने आडनाव. जूनचा महिना होता, वर पाऊस भरून आलेला, आणि त्याची बायको एकेका डब्याचं झाकण दाबून बसवत होती.

कायदा काय म्हणतो बघा. याच नियम ५ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की अपील कोर्टाचा स्टे मूळ, म्हणजे हुकूमनामा देणाऱ्या, कोर्टाला कळवला जातो त्या तारखेपासून तो लागू होतो. पण तिथेच वाटही दिली आहे. स्टे झाला आहे असं अपीलदाराने स्वतःच्या माहितीवरून प्रतिज्ञापत्र केलं, तर आदेश पोचेपर्यंत मूळ कोर्टाने त्यावर थांबायचं असतं. स्वतःच्या माहितीवरून, म्हणजे अपीलदार त्या वेळी कोर्टात हजर पाहिजे. आमचा गिरणीत बसला होता. अडीच वर्षांनी अपील मंजूर झालं, हुकूमनामा फिरल्यावर गेलेलं परत देणाऱ्या कलम १४४ खाली गाळ्याचा ताबा परत मिळाला. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे गेलेलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. स्टेच्या दिवशी पक्षकार माझ्या शेजारी उभा पाहिजे, मग दुकान बंद ठेवावं लागलं तरी चालेल. प्रतिज्ञापत्र आधीच टाइप करून ठेवतो, फक्त वेळ आणि आदेश हाताने भरायचा. आदेश झाला की तिथेच शपथ घ्यायची आणि कागद घेऊन त्याने मोटरसायकलने सरळ तालुका गाठायचा. माझा ज्युनिअर सकाळपासून तिथल्या कोर्टात बसलेला असतो. आज स्टेवर सुनावणी आहे, तोवर वॉरंट थांबवावं, असा अर्ज त्याने अकराला दिलेला असतो. कोर्टाच्या ॲपवर आदेश दिसतोय म्हणून कोणी गाफील राहू नये.

आता अर्जातल्या मजकुराबद्दल. 'अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल' हे एक वाक्य लिहून स्टे मागणारे अर्ज मी रोज बघतो. नियम ५(३) प्रमाणे कोर्टाची तीन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते: मोठं नुकसान होण्याचा संभव, अर्जाला विनाकारण उशीर नाही, आणि हुकूमनामा पाळण्यासाठी दिलेला जामीन. नुकसान म्हणजे नेमकं काय ते लिहा. त्या जागेत काय चालतं, किती माणसं अवलंबून आहेत, पर्यायी जागा का नाही. जामिनासाठी सातबारा किंवा मुदत ठेवीची पावती पहिल्याच दिवशी जोडा. कोर्टाने विचारल्यावर पक्षकाराकडे बघणारा वकील अर्धा स्टे तिथेच घालवतो.

भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जागा खाली करण्याच्या हुकूमनाम्याला स्टे देताना, मालकाला जागेच्या खऱ्या मोलाप्रमाणे वाजवी भरपाई द्यायची अट कोर्ट घालू शकतं. जुन्या दोनशे रुपये भाड्यात स्टे चालू राहील या आशेवर राहू नका. अट पेलणार नसेल तर तसं आकडे देऊन आधीच सांगा. अट मान्य करून पैसे न भरणं हा स्टे घालवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

पैशाच्या हुकूमनाम्याला फुकट स्टे मिळेल असं धरून चालू नका, रक्कम भरायची किंवा जामीन द्यायची तयारी ठेवा.

अपिलाची मुदत: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा, कारण नकलेत गेलेले दिवस वजा होतात. उशीर झाला तर आदेश ४१ चाच नियम ३अ आडवा येतो आणि कोर्ट अपील ऐकायचं ठरवेपर्यंत स्टेच मिळत नाही.

निकाल देणारं कोर्टही अपिलाची मुदत संपण्याआधी नियम ५(२) खाली तात्पुरता स्टे देऊ शकतं. निकालाच्या तारखेला हा अर्ज माझ्या फाइलमध्ये तयार असतो, जिंकू असं वाटत असलं तरी. नव्या मुलांना हे अशुभ वाटतं. मी त्यांना अर्ज लिहायलाच बसवतो.

समोरच्याने कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका' असा अर्ज, टाकलंय का ते आधी बघा, असेल तर नोटीस द्या. स्टे 'पुढील तारखेपर्यंत' असेल तर प्रत्येक तारखेला वाढवून घ्या. सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो हा २०१८ चा नियम २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रद्द केला, पण तारखेपुरता दिलेला स्टे तारखेपुरताच असतो.

आणि मेव्हण्याच्या नावाने, जागेवर त्याचाच हक्क आहे असा खोटा हरकत अर्ज टाकून बेलिफला परत पाठवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर त्या माणसाकडून फाइल काढून घ्या. खोटी हरकत फेटाळली जाते आणि मग खऱ्या स्टेच्या अर्जावर बोलताना तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. माझ्याकडे असं बिघडवून आणलेलं प्रकरण आलं की मी आधी ती हरकत मागे घेण्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देतो, त्यानंतरच स्टेच्या अर्जाला हात लावतो.