साक्षीतून कथेकडे : ख्रिस्ती बाईच्या जगण्यावर कादंबरी लिहिताना

चर्चच्या महिला मंडळाच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभी राहिलेली बाई शेवटापासून सुरुवात करते. "प्रभूने मला तारलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे." साक्षीचं बळ त्यातच असतं. तीच हकिगत कथेत जशीच्या तशी उतरवली, तर पहिल्याच पानावर वाचकाला कळतं की ही बाई वाचणार आहे, नवऱ्याची दारू सुटणार आहे, पोरं शिकणार आहेत. मग पुढची दोनशे पानं त्याने कशासाठी वाचायची? कथेतल्या बाईला उद्याचं काही ठाऊक नसतं, आणि लिहिणारीनेही लिहिताना तिच्याएवढंच जाणायचं असतं. स्वतःच्या अनुभवावर लिहिणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती लेखिकांची गाडी इथेच अडते.

ही वाट मराठीला नवी नाही. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती १८५७ सालची 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींची. प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिगतींनीच ती विणलेली आहे. सोलापुरात बसून लिहिणारीला साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही. बंद गिरण्या, घरोघरच्या बिड्या, यंत्रमागाचा खडखडाट, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी, आणि या सगळ्यात रविवारी पदर डोक्यावर घेऊन ख्रिस्तमंदिरात जाणारी बाई.

आधी वही

कादंबरी लगेच सुरू करू नका. दोनशेपानी वही घ्या आणि तीस दिवस रोज एक प्रसंग लिहा, साधारण दोनशे शब्दांत. उजव्या पानावर फक्त घडलं ते, म्हणजे कोण कुठे बसलं होतं, चुलीवर काय होतं, नेमके शब्द कोणते बोलले गेले, दवाखान्याच्या व्हरांड्यात कसला वास होता. डाव्या पानावर नंतर उमगलेलं लिहा, जसं "देवाची योजना होती", "मी तेव्हा चुकले". पहिल्या खर्ड्यात फक्त उजवी पानं वापरायची. डावं पान उजव्यात मिसळलं की प्रसंगाचं प्रवचन होतं.

महिनाभराने वही वाचा आणि ज्या माणसाने तुम्हाला सगळ्यांत जास्त दुखावलं, त्याच्या बाजूने एक पान लिहून पाहा. सासू असेल तर सासूच्या तोंडून. ते पान प्रामाणिकपणे लिहिता आलं तर विषय पिकला आहे. त्या पानावरही सासू केवळ दुष्टच राहत असेल, तर तो अनुभव सध्या बाजूला ठेवा आणि वहीतला दुसरा घ्या. राग ओला असताना लिहिलेल्या कादंबरीत एकच जिवंत माणूस असतो, बाकीचे आरोपी.

काळ आवळा

आयुष्य चाळीस वर्षांचं असलं तरी कादंबरीला एक वर्ष पुरतं. जन्म, शाळा, लग्न, बाळंतपण असं क्रमाने सांगत गेलात की मूळ दुखण्यापर्यंत पोहोचेतो वाचक गळतो. एक प्रश्न निवडा, उदाहरणार्थ 'नवऱ्याची नोकरी गेल्यावर ती मुलीची दहावी पुरी करू शकेल का?', आणि त्या प्रश्नाचा काळ तेवढाच घ्या. मागचं सगळं आठवणींतून, तुकड्या-तुकड्याने येऊ द्या.

उपासनेचं वर्ष यासाठी चांगली चौकट देतं. नाताळपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर) तीन ते चार महिने मिळतात. सोलापुरात नाताळचे तारे उतरवेपर्यंत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते, नंदीध्वज निघतात, पोरं पाळण्यासाठी हट्ट धरतात. संक्रांतीला शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते. जायचं की नाही, गेलं तर कुंकू लावून घ्यायचं की नुसता तिळगूळ घेऊन यायचं, आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, कुणी पाहिलं तर? हा एक प्रसंग नीट लिहिला, तर श्रद्धा आणि शेजार यांबद्दल दहा पानांचं निरूपण वाचतं.

सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात हे विसरू नका. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २० मार्च ते २३ एप्रिल यांदरम्यान कधीही पडतो. २००८ मध्ये तो २१ मार्चला होता, २०११ मध्ये २२ एप्रिलला. एप्रिलअखेरच्या सोलापुरात भर दुपारी तीन तास येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवरची उपासना चालते, तेव्हा कौलांखालचा उकाडा, पंख्याची घरघर आणि मागच्या बाकावर पेंगणारी म्हातारी हे सगळं कथेत यायला हवं. वर्ष ठरलं की आधी त्या वर्षाचं कॅलेंडर पाहा.

कायद्याचंही तसंच. १९८५ सालची ख्रिस्ती नायिका नवरा मारतो एवढ्या कारणावर घटस्फोट मागून तो मिळवते असं दाखवलं, तर कथा खोटी पडते. १८६९च्या घटस्फोट कायद्यात तेव्हा बायकोला सहसा नवऱ्याचा व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता किंवा त्याग, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. नुसती क्रूरता हे पुरेसं कारण म्हणून कायद्यात आलं ते २००१च्या दुरुस्तीने. ही अडचण कथेला मारक नाही. उलट तिला जायला वाट नव्हती, हाच कथेचा पीळ होऊ शकतो.

श्रद्धा हातात दिसू द्या

इथे सर्वांत जास्त मेहनत आहे. एक कच्चा उतारा पाहा:

"सुशीलाने डोळे मिटून प्रार्थना केली आणि तिला अवर्णनीय शांती लाभली. प्रभू आपल्याला कधीच सोडणार नाही हे तिला उमगलं."

आणि तोच क्षण असा:

"रात्री भिजवलेली पानं सुशीलाने पुढ्यात ओढली. हजार बिड्या संध्याकाळच्या आत द्यायच्या होत्या. 'प्रभू,' ती म्हणाली, आणि पुढचं काही सुचेना म्हणून कात्री घेतली. दोनशे झाल्यावर पुन्हा म्हणाली, 'प्रभू, फी सोमवारी भरायची आहे.' मग पुन्हा मोजायला लागली, तर आकडा चुकला होता."

पहिल्या उताऱ्यात निष्कर्ष आहे, बाई नाही. दुसऱ्यात शांती मिळाली की नाही हे सांगितलेलं नाही, तरी ती देवाशी बोलते आहे यावर विश्वास बसतो. खर्डा झाल्यावर 'शांती', 'आनंद', 'कृपा', 'आशीर्वाद' या शब्दांखाली लाल रेघ मारा. प्रत्येक ठिकाणी विचारा की हा शब्द काढला तर प्रसंगातून तो कळतो का. कळत असेल तर शब्द काढा, नसेल तर प्रसंग पुन्हा लिहा.

चारचौघांतली प्रार्थना आणि एकटीची प्रार्थना वेगळ्या भाषेत असतात. सभेत ती "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" म्हणेल, मोरीत भांडी घासताना "बघ ना रे प्रभू" म्हणेल. दोन्हीकडे एकच भाषा घातली की माणूस लाकडी होतो.

तक्रार लिहायला कचरू नका. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, बायका कचरलेल्या नाहीत. नामी बेथलेहेमात परतल्यावर मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे 'कडू') म्हणा, असं सांगते. हन्ना इतकी कळवळून प्रार्थना करते की एली याजकाला ती प्यायलेली वाटते. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीत दिलासा नाही. तेव्हा नायिकेचा एखादा अध्याय उत्तराशिवाय संपला, तर तो अविश्वास ठरत नाही.

बायबलचं वचन एका अध्यायात फार तर एकदा, आणि ते कुणीतरी काही कारणाने बोललेलं असावं. वचन दुखवायलाही वापरलं जातं. मार खाऊन आलेल्या बाईला मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी, इफिसकरांस पत्रातलं ५:२२ ऐकवतात, पतीच्या अधीन राहा म्हणून. तीनच ओळी पुढे पतींनी पत्नीवर प्रीती करावी असं आहे, ते मात्र कुणी वाचत नाही. तिने ते घरी जाऊन स्वतः वाचलं, तर तुमच्या हातात कादंबरीचा मध्य आला.

खरोखर घडलेला चमत्कार असेल, समजा डॉक्टरांनी आशा सोडलेलं मूल बरं झालं, तर तो शेवटी ठेवू नका. अडकलेली कथा सोडवायला आणलेला वाटतो. मध्यावर आणा आणि त्यानंतरचं लिहा: दवाखान्याचं कर्ज, शेजारच्या खाटेवरचं न वाचलेलं मूल, त्या मुलाच्या आईशी जिन्यात झालेली नजरानजर. "पण हे खरंच घडलंय" हा बचाव कथेत चालत नाही.

बोली आणि नावं

पाळकसाहेब, मंडळी, प्रभुभोजन, उपासना संगीत हे शब्द प्रॉटेस्टंट घरातले. फादर, मिस्सा, जपमाळ हे कॅथलिक घरातले. एकाच कुटुंबाच्या तोंडी दोन्ही घातले की जाणता वाचक पुस्तक मिटतो. सोलापुरी बोली मिठासारखी वापरा. पोरांच्या तोंडी 'काय बे' हवं, पण निवेदन साधं ठेवा. नावं पिढीप्रमाणे बदला, म्हणजे आजी शांताबाई, आई करुणा, मुलगी शेरॉन. तीन नावांतच घराचा शंभर वर्षांचा प्रवास दिसतो.

माणसं झाका

मंडळी लहान असते आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. नुसतं नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, कुटुंबातली माणसं आणि घटनांचा क्रम, या तीनही गोष्टी बदला. शक्य असेल तर दोन माणसांचं मिळून एक पात्र करा. बदलायची नाही ती फक्त जखम. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि त्यात मृत व्यक्तीबद्दलचं लेखनही येऊ शकतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे. ज्या बहिणीची वा मैत्रिणीची हकिगत घेतली असेल, तिला ती पानं छापण्याआधी वाचायला द्या. ती नको म्हणाली तर ती पानं काढा, कितीही चांगली उतरली असली तरी.

खर्डा, वाचक, छपाई

रोज पाचशे शब्द, आठवड्यातले पाच दिवस धरले तर साठ हजार शब्दांचा खर्डा सहा महिन्यांत होतो. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं फुटतात आणि महिनाभराचं काम दुरुस्तीत जातं. खर्डा संपल्यावर तो सहा आठवडे झाकून ठेवा.

मग तीन वाचक निवडा. एक मंडळीतली, एक चर्चची पायरी न चढलेली शेजारीण, एक पुष्कळ कादंबऱ्या वाचणारी. "आवडलं का" असं विचारू नका. "कोणत्या पानावर खाली ठेवलंस?" असं विचारा. दोघींनी जवळपास तेच पान सांगितलं तर दोष तिथे किंवा त्याच्या आधीच्या पाच पानांत आहे, आणि बहुतेक वेळा तिथे कुणीतरी उपदेश करत असतं.

पानावर साधारण अडीचशे शब्द धरले तर साठ हजारांची दोनशे चाळीस पानं होतात, म्हणजे सोळा पानी पंधरा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं म्हणजे एक फर्मा). पंधरा फर्म्यांवर दोन-तीन पानं वाढली तर छपाईत आणखी फर्मा किंवा त्याचा भाग लागतो, म्हणून मजकूर आधीच बेतून घ्या.

गीतं घेताना लेखकाचं मृत्युवर्ष पाहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांची भजनं मोकळी आहेत, अलीकडच्या उपासनागीतांना मात्र परवानगी लागते. वचनं सगळीकडे एकाच भाषांतरातून घ्या. ते कोणतं हे हक्कांच्या पानावर नोंदवा, आणि त्या भाषांतराच्या स्वतःच्या हक्कपानावर किती ओळी परवानगीशिवाय घेता येतात, हे छापखान्यात फाइल देण्याआधी वाचून घ्या.