मिठाच्या सत्याग्रहाचा देखावा करताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त गफलत झेंड्यात होते. प्रसंग १९३० चा आणि मुलांच्या हातात अशोकचक्राचा तिरंगा! तो संविधान सभेने स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. दांडीयात्रेच्या काळातल्या झेंड्यावर वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि चरखा असे. केशरी पट्टा १९३१ मध्ये आला. विकतच्या तिरंग्यावर चरखा चिकटवायची पळवाट काढू नका. पट्टे तर चुकतातच, शिवाय राष्ट्रध्वजावर काही चिकटवणं कायद्यात बसत नाही. तीन रंगांचं कापड आणून शिवून घ्या.

दुसरी गडबड मिठाची. पिशवीतल्या पांढऱ्याशुभ्र मिठाचा ढीग खोटा वाटतो. गांधीजींनी उचललं ते चिखलात मिसळलेलं मीठ. तेव्हा खडेमीठ ओल्या मातीत कालवा. मीठ उकळून दाखवायचं असेल तर साधं समुद्राचं पाणी घेऊ नका. लिटरभर पाण्यात जेमतेम ३५ ग्रॅम क्षार असतात, ते आटेपर्यंत प्रेक्षक घरी जातील. त्याऐवजी लिटरभर गरम पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवा, गाळा आणि पसरट कढईत उकळा. थोडं पाणी उडालं की कडेला आणि तळाशी दाणे धरू लागतात. पार कोरडं होऊ देऊ नका, मीठ तडतडून उडतं. आच मोठ्या माणसाच्या हाती, मुलं लांब.

तारखा नीट तपासा. १२ मार्चला साबरमतीहून निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले, मीठ उचललं ६ एप्रिलला. फलकावर शेवटच्या दोन तारखा हमखास एक होतात. सोबत निघालेल्या ७८ जणांत एकही स्त्री नव्हती. त्यामुळे सरोजिनी नायडूंना साबरमतीहून चालवत आणू नका, त्या दांडीला दाखवा. गांधीजी तेव्हा साठीचे होते, वाकलेले जराजर्जर म्हातारे नव्हे.

धारासना, म्हणजे गुजरातमधल्या मिठागरावरचा सत्याग्रह, हा वेगळा प्रसंग, २१ मेचा. लाठीमाराच्या दृश्यात गांधीजींना उभं केलं की सगळंच फसतं. ५ मेलाच त्यांना अटक झाली होती आणि ते येरवड्याच्या तुरुंगात होते. धारासन्याला नेतृत्व सरोजिनी नायडूंचं. कोकणातला प्रसंग हवा असेल तर शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह घ्या, १२ मे १९३०.

बाबू गेनूंना मिठाच्या दृश्यात घुसडू नका. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत ते विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले होते. आणि ‘करेंगे या मरेंगे’ ही घोषणा १९४२ ची.